माझा राग माझ्याआधी स्कॉटलंडला पोचला होता

आधीच सांगते, ही पोस्ट रागात लिहिली आहे. परत येऊन पंधरा दिवस झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, जॅकेटं धुऊन झाली, तरी डोकं काही थंड व्हायला तयार नाही. ज्यांना फक्त बोटीचं तिकीट, बस आणि थंडीत काय घालायचं एवढंच हवंय त्यांच्यासाठी तेही मध्येमध्ये टाकलंय. आणि हो, हे पोस्ट करण्याआधी मी घरी विचारलं, सगळं वाचून दाखवलं. मिस्टरांनी दोन ठिकाणी "हे काढ" म्हटलं. एक काढलं. पण विचारलं, हे लक्षात ठेवा.

आमचे मिस्टर, प्रमोद, मिशनरी आहेत. सहा वर्षांपूर्वी बँकेची नोकरी सोडून त्यांनी कळंबोलीला ट्रकवाल्यांमध्ये सेवा सुरू केली. स्टील मार्केटच्या मागे एक गाळा आहे. तिथे चहा मिळतो, जखमेला पट्टी मिळते, मोबाईल चार्ज करता येतो आणि ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना होते. चांगलं काम आहे, मी नाही कुठं म्हणते? सगळं जग त्यांना "ब्रदर" म्हणतं. मी कोपरखैरण्यात मराठी शाळेत शिकवते. बोनकोडे गावाला लागून आमची सोसायटी. घरात आम्ही दोघं, एकोणीस वर्षांची रूथ, आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाथरूममध्ये पडल्या आणि दोन वर्षं पलंगावर होत्या. गेल्या डिसेंबरात प्रभूकडे गेल्या.

या कळंबोलीच्या कामासाठी स्कॉटलंडमधल्या तीन छोट्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, मदत करतात आणि प्रार्थना करतात. त्यांचं निमंत्रण आलं. मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे या, सगळं कुटुंब घेऊन या, राहायला घरं आमची, अधूनमधून एखादी सभा घ्या.

"जाऊ या गं सुनी," मिस्टर म्हणाले. "आईमुळे दोन वर्षं आपण कुठं बाहेर पडलोच नाही."

आपण! तो "आपण" ऐकला तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. हे रोज सकाळी साडेसातला बाहेर पडत होते आणि रात्रीच्या जेवणाला उगवत होते. न पडणारी मी होते. पण मी इतकी दमले होते की कुणी इथल्या इथे पनवेलला नेलं असतं तरी चाललं असतं. म्हटलं, जाऊ या.

तयारीचं थोडक्यात. व्हिसासाठी यजमानांचं निमंत्रणपत्र, शाळेचं रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळ्याची झेरॉक्स आणि मूळ प्रत दोन्ही न्या. चार्जरला तिथला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. लाल तिखट आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, नाहीतर चौथ्या दिवशी जेवणाकडे बघवत नाही. जॅकेट वॉटरप्रूफ हवं. छत्री नेऊ नका, माझी दुसऱ्याच दिवशी उलटी होऊन मोडली. मी सहा साड्या नेल्या, कारण मिस्टर म्हणाले, "सभेत साडी नेस, त्यांना आवडतं." मी बिचारी नेसले.

पहिले तीन दिवस एडिनबर्ग. निवृत्त डॉक्टर नवरा-बायकोकडे आम्ही उतरलो. लोक इतके चांगले की मला अवघडून जायला झालं. त्यांनी गरम पाण्याची पिशवी आधीच अंथरुणात ठेवली होती. किल्ला बाहेरून बघा, आत जायचं तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, मागची टेकडी फुकट आहे आणि तिच्यावरून समुद्र दिसतो. दुकानात सँडविच, फळ आणि पेय एकत्र स्वस्त मिळतं, तेच दुपारी खायचं. मनातल्या मनात रुपयांत गुणायचं सोडा, नाहीतर घास उतरणार नाही.

पहिल्याच संध्याकाळी त्या डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात धरले आणि टक लावून बघितलं. म्हणाल्या, "सुनीता, किती शांत दिसतेस तू!"

मला केवढा आनंद झाला! बेचाळीस वर्षांत मला कुणी शांत म्हटलेलं नाही. मिस्टरांना सांगितलं, "बघा, परक्या माणसाला कळतं." ते लॅपटॉपमध्ये डोकं घालून "हं, हं" म्हणाले. मग नाश्त्याला डॉक्टरीणबाईंचे मिस्टर म्हणाले, "तुझ्याकडे बघून विश्वास वाढतो." मी शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मला वाटलं, साडीमुळे असेल. काय मूर्ख असते ना बाई एकेकदा!

चौथ्या दिवशी आगगाडीनं इनव्हर्नेसला गेलो. साडेतीन तास, खिडकीबाहेर डोंगर आणि मेंढ्या, डोळे निवतात. संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये सभा. साठेक माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. चहा, बिस्किटं, मग मिस्टरांच्या स्लाइड्स. कळंबोलीचा गाळा, ट्रकांच्या रांगा, एका ड्रायव्हरचा हसरा चेहरा. मी पहिल्या रांगेत जांभळी साडी नेसून बसले होते. आणि मग पडद्यावर आई आल्या. आमच्या हॉलमधला तो पलंग, आई उशीला टेकलेल्या आणि मी त्यांना चमच्यानं पेज भरवतेय. फोटो रूथनं काढला होता.

मिस्टर म्हणाले, आणि हे मी शब्दाला शब्द सांगतेय, "ही माझी आई. आणि ही माझी पत्नी. तुम्हाला आठवत असेल, दोन वर्षं मी तुमच्याकडे माझ्या पत्नीच्या रागासाठी प्रार्थना मागत होतो. आई अंथरुणावर पडली आणि घरात शांती राहिली नव्हती. तुम्ही प्रार्थना केलीत. प्रभूनं सुनीताचं मन बदललं. तिनं शेवटपर्यंत माझ्या आईची सेवा केली."

साठ माना माझ्याकडे वळल्या. सगळे प्रेमानं हसत होते. मागे एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. कुणीतरी "आमेन" म्हणालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं? मीही हसले! फोटोत हसतात तसं हसले. त्याचा राग मला अजून येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिशनरी लोक दर महिन्याला पाठीराख्यांना प्रार्थनापत्र पाठवतात. ईमेलच असतो. कामाच्या बातम्या, एखादा फोटो आणि शेवटी विनंत्या: एक, गाळ्याच्या छपरासाठी, दोन, अमक्या ड्रायव्हरच्या दारूसाठी, तीन, पावसाळ्यासाठी. आणि चौथ्या नंबरला, चोवीस महिने, मी. त्या यादीत माझं नाव होतं, पण ते पत्र ज्यांना जातं त्या यादीत नव्हतं. घरातल्या माणसाला कशाला मेल पाठवायचा, नाही का? रूथला विचारलं. ती स्पेलिंग तपासून द्यायची. म्हणाली, "मम्मी, मला वाटलं तुला माहितीये." घ्या!

आता खरं काय ते ऐका. पहाटे पाचला उठून मी आईंचं डायपर बदलायचे, अंग पुसायचे, पेज करायचे, मग शाळा. दुपारी बोनकोड्याच्या एक मावशी बसायच्या. तीनला मी परत. उचलून, कुशीवर वळवून, पाठीला पावडर लावून माझी कंबर कायमची गेली. मी ओरडायचे का? ओरडायचे. अख्ख्या विंगला ऐकू जाईल असं ओरडायचे. पण कुणावर? आईंवर एकदाही नाही. आम्ही दोघी संध्याकाळी पत्ते खेळायचो आणि त्या लबाडी करायच्या. मी ओरडायचे यांच्यावर. मागणं एवढंच होतं की आठवड्यातून दोन दिवस सहाला घरी या, म्हणजे आईंना दोघं मिळून उचलू. आणि हे म्हणायचे, "सेवा आहे गं, अर्धवट टाकून कसा येऊ?" पलंगावरून आईच मला म्हणायच्या, "सुने, तू ओरड त्याच्यावर. मी हाय." त्या माझ्या पार्टीत होत्या! आणि तिकडे अर्धं स्कॉटलंड गुडघे टेकून माझ्यापासून त्यांचं रक्षण करत होतं.

दुसऱ्या दिवशी उलापूलची बस. दीड तास लागतो, बोटीच्या वेळेला जोडून असते. आजूबाजूला तळी, डोंगर, पिवळी फुलं, आणि आम्ही मराठीत भांडतोय.

"मी कुणावर ओरडायचे हो?"

"घरात ओरडत होतीस की नाही?"

"तुमच्यावर! तुमच्यावर ओरडत होते! ते का नाही लिहिलंत?"

"सुनी, साक्षीत इतकं बारीक सांगायला वेळ नसतो. दहा मिनिटं देतात."

दहा मिनिटं. माझ्या दोन वर्षांना त्यांच्याकडे अर्धं मिनिट होतं आणि त्यातही खोटं. वर म्हणतात कसे, "वाईट काय झालं? लोक तुझ्यासाठी प्रार्थनाच करत होते ना?" मी म्हटलं, "सोमवारी बेटावर पुढची सभा आहे. तिथे तुम्ही खरं सांगायचं. तुमच्या तोंडानं." ते खिडकीबाहेर बघत बसले. पुढच्या सीटवरची बाई वळून गोड हसली. तिला वाटलं असेल, किती गप्पिष्ट जोडपं.

उलापूलहून स्टोर्नोवेला मोठी बोट जाते, पावणेतीन तास. पायी प्रवाशांनीही तिकीट आधी काढा. आपल्याकडे मोरा बंदरातून लाँचनं, डिझेलच्या वासात फळीवर बसून, भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या आम्हाला ही बोट म्हणजे मॉल वाटला. आत गरम मासा आणि बटाटे मिळतात, जरूर खा. मी एकटीनं डेकवर उभं राहून खाल्ले.

बेटावर आम्ही मोरागकडे राहिलो. मोराग ऐंशीच्या घरातली, एकटी, आयुष्यभर पोस्टात टपाल वाटलेली. आमची खोली, पुस्तकं, चहा दाखवून झाल्यावर तिनं शनिवारी संध्याकाळी बरंच काही समजावून सांगितलं. मी मान हलवत होते, पण डोक्यात बसमधलं भांडणच चालू होतं. एक अक्षर आत गेलं नाही.

मला राग आला की मी कपडे धुते. लहानपणापासूनची सवय. रविवारी सकाळी सहाला उठले, बाथटबमध्ये सगळे कपडे घातले आणि बडवून बडवून धुतले. तीन साड्या, रूथच्या जीन्स, ब्रदरांचे बनियन. मग बाहेर दोरीवर वाळत घातले. वारा असा मस्त होता की साड्या ताडकन ताठ झाल्या. रस्त्यावरून, पलीकडच्या टेकडीवरून, समुद्रातूनसुद्धा दिसत असतील. मला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात मिस्टर अनवाणी धावत आले. चेहरा पांढराफटक. "सुनी! काय केलंस हे? आज रविवार आहे! इथे रविवारी कुणी कपडे वाळत घालत नाही. बस नाही, बहुतेक दुकानं बंद, जेवणसुद्धा आदल्या दिवशी शिजवतात. मोरागनं काल इतकं सांगितलं! काढ आधी ते! लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याबद्दल आधीच सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "नवीन काय म्हणणार?"

पण खरं सांगते, चूक माझीच होती. त्या म्हातारीच्या दारात, तिच्या देवाच्या दिवशी, मी तिची अब्रू दोरीवर टांगली होती. मी चिमट्याला हात घातला तर दारातून मोरागचा आवाज आला. "राहू दे. काढणं हेही कामच. उद्या काढ."

मग ती आत गेली, स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, माझ्या जांभळ्या साडीशेजारी ठेवली आणि कोट घालून, मांडीवर बायबल घेऊन बसली. एक गाडी रस्त्यावरून जाताना हळू झाली. मोरागनं हात वर केला. दुसरी गाडी. पुन्हा हात. आपल्या परवानगीनं चाललंय हे ती अख्ख्या गावाला सांगत होती. मला रडूच फुटलं. मी खाली गवतावर बसले.

"दोन वर्षं रोज सकाळी तुझं नाव घेतेय," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून एकदाही काही ऐकलं नाही. सांग."

मी सगळं सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, डायपरपासून पत्त्यांपर्यंत. ऐकता ऐकता तिचे कान लाल झाले. बाई चिडली होती! "पस्तीस वर्षं मी टपाल वाटलं," ती म्हणाली, "आणि एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. आणि माझी स्वतःची दोन वर्षांची प्रार्थना चुकीच्या दारात गेली?" उद्या सभेत मी उठून बोलू का, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, नको, त्यांनीच सांगायला हवं. ते सांगतील.

दुपारी उपासनेला गेलो. इंग्रजीत नाही, बेटावरच्या त्यांच्या भाषेत स्तोत्रं गातात. एक जण ओळ उचलतो, मग सगळे मागून लाटेसारखे येतात, वाद्य एकही नाही. जमलं तर जरूर ऐका. कुणी साड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, पण चार बायका माझ्याकडे बघत होत्या. बघू देत. मी त्या दिवशी देवालाच म्हटलं, तुला तर माहीत होतं ना सगळं? मग तू का गप्प?

सोमवारी संध्याकाळी सातला सभा. बाहेर अजून लख्ख ऊन. चाळीसेक माणसं. कळंबोलीचा गाळा झाला, ट्रक झाले, ड्रायव्हर झाला. आता आईंचा फोटो. आला. मिस्टरांनी तो बघितला, मला बघितलं, तोंड उघडलं, आणि बटण दाबलं. पुढची स्लाइड. गाळ्याचं नवीन छप्पर.

पुढे! सरळ पुढे! खोटं बोलले नाहीत आणि खरंही बोलले नाहीत. आई गेल्या, मी गेले, दोन वर्षं गेली, आणि पडद्यावर पत्र्याचं छप्पर! इनव्हर्नेसला आला नव्हता इतका राग मला तेव्हा आला.

मी उभी राहिले. "मागे घ्या," मराठीत म्हटलं. "तो फोटो दाखवा."

"सुनी, बस ना..."

"मागे घ्या."

रूथ उठली. पप्पांच्या हातून रिमोट घेतला आणि तिनंच फोटो मागे आणला. मी वळून इंग्रजीत बोलले. व्याकरणाचं मला काही विचारू नका. म्हटलं, "ह्या माझ्या सासूबाई. मी त्यांच्यावर कधीच रागावले नव्हते, आमचं छान जमायचं. मी माझ्या नवऱ्यावर रागावले होते, कारण मी एकटी त्यांना उचलत होते आणि ते घरी येत नव्हते. माझं मन बदलावं लागलं नाही. ते पहिल्यापासून बरोबर होतं."

मिस्टरांची मान खाली. मग मोराग आपल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "आमेन." पिशवीतून प्रार्थनेची वही काढली, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग चौथ्या नंबरला काय लिहू?"

"लिही," मी म्हटलं, "प्रमोदनं संध्याकाळी सहाला घरी यावं."

मागून एक बाई फसकन हसली. मग दोन-चार वह्या निघाल्या. खरंच लिहून घेतलं त्यांनी! चहाच्या वेळी एक जाडजूड शेतकरी मिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सहा म्हणजे सहा हं, ब्रदर."

उरलेले दिवस आम्ही बेटावर भटकलो. किनाऱ्याची वाळू पांढरीशुभ्र, पाणी हिरवंनिळं, आणि पाय घातला तर हाडं गोठतील असं थंड. लोकल बसनं बरंच फिरता येतं, ड्रायव्हरला सांगितलं की हवं तिथं उतरवतो. वारा पडला की बारीक चावरे किडे येतात, तोंडाला जाळी घ्या. मिस्टर तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मी चौथ्या दिवसापर्यंत तेही बोलले नाही. मोरागनं मला स्कोन, म्हणजे तिथले छोटे गोडसर पाव, करायला शिकवले, मी तिला पिठलं शिकवलं. ती तिखटानं खोकत खोकत दोनदा वाढून घेत होती. निघताना स्टोर्नोवेच्या धक्क्यावर तिनं मला लाकडी चिमट्यांचं एक पुडकं दिलं. म्हणाली, "रविवार सोडून कधीही वापर."

घरी आलो. जूनच्या प्रार्थनापत्राचा मेल पहिल्यांदा माझ्याही फोनवर आला. त्याआधी मिस्टरांनी मसुदा माझ्यापुढे ठेवला होता. इंग्रजीत एकच ओळ नवी होती: माझ्या आईच्या आजारपणात मी घरी नव्हतो, सुनीता होती. मी म्हटलं, बरोबर आहे, पाठवा. त्यांना वाटलं, झालं, मिटलं. मिटलं कसलं!

आणि परवा सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. घड्याळात सहाला पाच कमी. दारात मिस्टर, हातात कळंबोलीच्या गाळ्यातली चहाची रिकामी किटली. त्यांनी किटली खाली ठेवली आणि हॉलमध्ये येऊन उभे राहिले. जिथे पलंग होता तिथे आता रूथचं टेबल आहे. पलंग आम्ही जानेवारीतच देऊन टाकला.

"आता सहाला येऊन कुणाला उचलणार आहात?" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. खोटं कशाला सांगू, मुद्दामच म्हटलं.

ते त्या टेबलाशेजारी गेले. डोळे भरून आले होते. मग हळूच विचारलं, "तू एकटी कशी उचलायचीस गं तिला?"

दोन वर्षं आणि वर सहा महिने. पहिल्यांदा विचारलं.

"पेन घ्या," मी म्हटलं. "बसा इथे आणि नीट लिहून घ्या. एक हात मानेखाली..."